इंजिनाची शक्ती आणि अडथळ्यांचा इतिहास



तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांनी मोटारीच्या इंजिनावर बोलायला उभं राहावं, याचं आपल्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. निमित्त असं झालं. आमचा एक जुना विद्यार्थी मोटारींच्या विक्रीच्या धंद्यात आहे. दिवाळीला घरी आला आणि म्हणाला, "सर, गिऱ्हाईक येतं आणि पहिलं विचारतं, पिकअप कसा आहे? दुसरं विचारतं, पुढच्या मॉडेलला पॉवर वाढणार का? आता मला सांगा, कंपनी पॉवर वाढवते म्हणजे नेमकं करते काय? इंजिन तर तेवढंच असतं!"

प्रश्न साधा वाटतो, पण साधा नाही. आम्ही त्याला तेव्हा चहा दिला आणि उत्तर उधार ठेवलं. आज ते फेडतो आहोत.

पहिल्यांदा दोन गाड्या समोर ठेवू या. दोन्ही आपल्या महाराष्ट्रात तयार झालेल्या. एक प्रीमियर पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना होता. मूळ घराणं इटलीतल्या फियाट ११००चं. इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचं, शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती. दुसरी फोक्सवॅगनची व्हर्टस. २०२२ साली आली, पुण्याजवळ चाकणला तयार होते. तिचं लहान इंजिन ९९९ घन सेंटिमीटरचं, म्हणजे पद्मिनीपेक्षाही लहान, सिलिंडर चारऐवजी तीनच. आणि शक्ती ११५ अश्वशक्ती! भांडं लहान झालं आणि त्यातून निघणारी शक्ती जवळजवळ तिप्पट झाली. ही वाढलेली शक्ती आली कुठून?

आता आमच्या शास्त्रातली थोडी गोष्ट सांगितल्याशिवाय आमच्याच्याने पुढे जाववत नाही. क्षमा असावी. 'शक्ती' म्हणजे काय, यावर आपल्याकडे मीमांसक आणि नैयायिक यांच्यात मोठा वाद झाला. मीमांसक म्हणत, अग्नीत जाळण्याची शक्ती नावाची एक वेगळी, डोळ्यांना न दिसणारी वस्तू असते. पुरावा काय? तर एखादा विशिष्ट मणी जवळ ठेवला की अग्नी जाळत नाही, अशी त्या काळची समजूत होती. अग्नी तोच, रूप तेच, तरी जाळत नाही. म्हणजे त्याच्यातलं काहीतरी गेलं, आणि जे गेलं ती शक्ती. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त हे नाकारलं. नैयायिकांचं म्हणणं असं की अग्नीतून काहीही गेलेलं नाही. फक्त एक प्रतिबंधक, म्हणजे अडथळा, आला आहे. तो काढा, अग्नी पुन्हा जाळेल. कार्य घडायला जशी इतर कारणं लागतात, तसा 'प्रतिबंधकाभाव', म्हणजे अडथळा नसणं, हेही एक कारणच.

मण्याचं खरंखोटं बाजूला ठेवू. पण गेल्या शंभर वर्षांचा इंजिनाचा इतिहास आम्ही जसजसा वाचत गेलो, तसतसं आम्हाला वाटत गेलं की इथे नैयायिकच जिंकले. इंजिनात शक्ती कुणी 'घातली' नाही. पेट्रोलमध्ये ती होतीच. माणसांनी केलं ते इतकंच, की एकेक अडथळा शोधून दूर केला.

मग मुख्य अडथळा कोणता? आपल्याला वाटतं, जास्त शक्ती म्हणजे जास्त पेट्रोल. पेट्रोल घालणं तर सोपं आहे हो. अवघड आहे ती हवा! एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा. इंजिन हे आधी श्वास घेणारं यंत्र आहे, मग बाकी सगळं. १८७६ साली निकोलाउस ओटोनं जे चार टप्प्यांचं इंजिन यशस्वी केलं, त्यात पिस्टन एकदा हवा-इंधन आत ओढतो, एकदा दाबतो, मग ठिणगी पडून जळण होतं आणि शेवटी धूर बाहेर जातो. दोन फेऱ्यांमध्ये एकच श्वास. सव्वाशे-दीडशे वर्षं झाली, मूळ रचना तीच आहे.

तेव्हा शक्ती वाढवायच्या वाटा मोजक्याच राहतात. छाती मोठी करा. श्वास जलद घ्या. प्रत्येक श्वासात हवा दाटून भरा. किंवा घेतलेल्या श्वासातून अधिक काम काढा. जगातल्या कुठल्याही कंपनीनं कितीही जाहिरात केली, तरी ती या चारांपैकीच कुठेतरी असते.

पहिली वाट अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे पेट्रोल स्वस्त, रस्ते रुंद, लोखंड मुबलक. कॅडिलॅकनं १९४९ साली नवं आठ सिलिंडरचं इंजिन आणलं, १६० अश्वशक्तीचं. मग चढाओढ लागली. १९७० साली कॅडिलॅक एल्डोराडोचं इंजिन ८.२ लिटरचं झालं आणि शक्ती सांगितली जात होती ४००. आता गंमत बघा. १९७६ साली त्याच गाडीच्या तेवढ्याच इंजिनाची शक्ती किती लिहिली होती? १९०!

यातला काही भाग निव्वळ मोजमापाचा. आधी इंजिन स्टँडवर उघडं ठेवून, सायलेन्सर वगैरे ओझी काढून शक्ती मोजत. १९७२पासून गाडीत बसवलेल्या स्थितीत मोजायची पद्धत अमेरिकेत रूढ झाली. म्हणजे आधीचा आकडा इंजिनाचा होता, गाडीचा नव्हता. आमच्या विद्यार्थ्यानं हे लक्षात ठेवावं. आकडा ऐकला की विचारावं, मोजला कुणी आणि कशा अवस्थेत? पण उरलेला भाग मोजमापाचा नव्हता. तो पेट्रोलमधल्या एका पदार्थाचा होता, आणि तीच आजच्या व्याख्यानातली सर्वांत गंभीर गोष्ट आहे.

चौथी वाट आम्ही सांगितली ना, घेतलेल्या श्वासातून अधिक काम काढायची. त्याचा सोपा उपाय म्हणजे ठिणगी पडण्याआधी मिश्रण अधिक दाबणं. पण फार दाबलं की ठिणगीनं लावलेली ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं, आणि इंजिन ठोके मारल्यासारखं वाजतं. गॅरेजवाले त्याला नॉकिंग म्हणतात. हे फार झालं तर पिस्टनलाच भोक पडतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शक्तीच्या वाटेत हाच मोठा मणी बसलेला होता.

जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली थॉमस मिजली यांनी त्यावर काम केलं. डिसेंबर १९२१मध्ये त्यांना सापडलं की शिशाचं एक संयुग, टेट्राएथिल लेड, पेट्रोलमध्ये अगदी थोडं घातलं तरी नॉकिंग थांबतं. दुसरा उपायही त्यांना ठाऊक होता. तो म्हणजे अल्कोहोल, आपण ज्याला आज इथेनॉल म्हणतो ते. पण इथेनॉल बरंच घालावं लागतं, कुणीही गाळू शकतं आणि त्याचं पेटंट मिळत नाही. शिसं चिमूटभर पुरतं, आणि त्याचं पेटंट मिळतं. १९२३मध्ये ओहायोतल्या डेटन शहरात शिसंयुक्त पेट्रोल विकायला सुरुवात झाली. ऑक्टोबर १९२४मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे तेलशुद्धीकरण कारखान्यात ते संयुग तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. काही काळ विक्री थांबली. सरकारी समिती बसली. १९२६मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली, आणि मग जगभर पसरली.

शिसं विषारी आहे हे त्या वेळी कुणाला माहीत नव्हतं, असं समजू नका. शिशाचं विष प्राचीन काळापासून ठाऊक होतं. पण ते धुरातून, हवेतून, थोडं थोडं, सगळ्यांच्या अंगात जात होतं. म्हणून ते कुणाच्याच हिशोबात आलं नाही. १९६५ साली क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की आधुनिक माणसाच्या शरीरातलं शिसं नैसर्गिक प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त आहे. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला ते सर्वांत घातक. अमेरिकेत सत्तरच्या दशकात ते कमी होऊ लागलं. धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शिशानं निकामी होत, हेही त्याचं एक मोठं कारण. आता त्या कॅडिलॅकचा १९० आकडा आठवा. शिसं कमी करायचं म्हणून दाब कमी केला, आणि दाबाबरोबर शक्तीही उतरली. भारतात फेब्रुवारी २०००पासून शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं. जगात सर्वांत शेवटी, जुलै २०२१मध्ये, अल्जीरियात. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं!

आमचं बालपण, तारुण्य, आमच्या मुलांचं बालपण, हे सगळं त्या शिशाच्या धुरात गेलं. सिग्नलला उभ्या असलेल्या वाहनांमागे शाळेत जाणारी मुलं उभी असत. अडथळा काढला खरा, पण तो गेला कुठे? इंजिनातून निघाला आणि मुलांच्या रक्तात जाऊन बसला. नैयायिकांना आम्ही एवढीच एक पुरवणी जोडू. अडथळा नाहीसा होतोच असं नाही. पुष्कळदा तो दुसरीकडे हलवला जातो.

आता दुसरी वाट, जलद श्वासाची. जपानमध्ये मोठ्या इंजिनावर कर जास्त. म्हणून छाती मोठी करणं परवडत नव्हतं. इंजिन वेगानं फिरवलं की एका मिनिटात श्वास जास्त होतात, पण त्यात अडचण झडपांची. हळू फिरताना झडप थोडी आणि थोडाच वेळ उघडावी लागते, जोरात फिरताना जास्त आणि जास्त वेळ. झडप उघडणारा कॅम तर लोखंडात एकदाच कोरलेला! गावात नीट चालणारं इंजिन हायवेवर धापा टाकतं, आणि शर्यतीचं इंजिन गावात गचके खातं. होंडाच्या अभियंत्यांच्या चमूनं दोन निरनिराळे कॅम शेजारी बसवले, आणि ठरावीक वेगानंतर तेलाच्या दाबानं एकावरून दुसऱ्यावर जायची सोय केली. तेच व्हीटेक. १९८९च्या इंटेग्रामध्ये १.६ लिटरच्या इंजिनानं १६० अश्वशक्ती दिली. लिटरला शंभर, तीही टर्बोशिवाय. इथे अडथळा 'एकच माप सर्वांना' हा होता, आणि तो फारसं कुणाचं नुकसान न करता निघाला. असेही दाखले आहेत, हे सांगितलंच पाहिजे. नाहीतर आपण म्हणाल, प्रोफेसरांना सगळीकडे पापच दिसतं.

तिसरी वाट हवा दाटून भरायची, म्हणजे टर्बो. बाहेर फुकट जाणाऱ्या धुराच्या झोतानं एक चक्र फिरवायचं, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रानं हवा इंजिनात कोंबायची. आल्फ्रेड ब्यूकी या स्विस अभियंत्यानं १९०५ सालीच त्याचं पेटंट घेतलं होतं. जहाजं, विमानं, मालट्रक यांनी ते वापरलं. मोटारीत मात्र ते रुळायला फार वेळ लागला. १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये टर्बो आला. हवा कोंबली की नॉकिंग होणारच, म्हणून त्यात पाणी आणि मेथॅनॉल यांचं मिश्रण फवारायची टाकी होती. लोक ती भरायलाच विसरत! वर्षा-दोन वर्षांत गाडी बंद झाली. माणसाचा विसराळूपणा हासुद्धा एक प्रतिबंधकच, बरं का. पुढे १९७३मध्ये बीएमडब्ल्यूनं २००२ टर्बो आणली, १७० अश्वशक्तीची. त्याच सुमारास अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली. एकूण १६७२ गाड्या तयार झाल्या आणि मामला संपला.

टर्बोला खरी प्रतिष्ठा दिली ती स्वीडनच्या साबनं. छोटी कंपनी, नवं मोठं इंजिन घडवायला पैसा नाही. साब आणि ट्रक करणारी स्कानिया १९६९पासून एकाच छत्राखाली होत्या, आणि स्कानियाला टर्बोचा अनुभव होता. पेर यिलब्रांड हे अभियंते, त्यांनी वेगळा विचार केला. कमाल वेगासाठी टर्बो नको, रोजच्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना लागेल तेवढा असू द्या. लहान टर्बो, लवकर जागा होणारा, आणि दाब फार झाला की जादा धूर बाजूला सोडणारी एक झडप. १९७७च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ९९ टर्बो आली. दोन लिटरच्या इंजिनात ११८च्या जागी १४५ अश्वशक्ती. पुढे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी इंजिनाला एक प्रकारचा कानच बसवला. नॉकिंगची चाहूल लागताच तो यंत्रणेला दाब कमी करायला सांगे. मिजलींनी जो अडथळा शिसं घालून दाबला होता, तोच यिलब्रांड यांच्या लोकांनी ऐकायला सुरुवात केली. आम्हाला हा फरक फार मोठा वाटतो. चाकणच्या त्या एक लिटर इंजिनात हीच परंपरा आहे. टर्बो, सिलिंडरमध्ये थेट फवारलं जाणारं इंधन आणि सतत कान देऊन बसलेला संगणक.

आता आपल्याकडे हे का आलं? ते निव्वळ विज्ञानानं आलं नाही, करानंही आलं. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या, पेट्रोलवर १२०० आणि डिझेलवर १५०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या गाड्यांचं अबकारी शुल्क कमी झालं. मग टाटांनी २००८मध्ये इंडिगोची शेपटी कापून सीएस आणली, आणि 'चार मीटरच्या आतली सेदान' ही खास आपली जात जन्माला आली. छातीवर कायद्यानंच माप घातलं, तेव्हा शक्ती हवी तर हवा दाटून भरण्यावाचून गत्यंतर काय?

पण कायदा आला की पळवाटही येते. सप्टेंबर २०१५मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं जाहीर केलं की फोक्सवॅगननं आपल्या डिझेल गाड्यांच्या संगणकात चाचणी ओळखणारी आज्ञावली घातली होती. चाचणीत धूर स्वच्छ, रस्त्यावर काही वेळा मर्यादेच्या ४० पटीपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. पिकअप हवा, ॲव्हरेज हवं, किंमतही कमी हवी. तीनही एकदम साधेनात, तेव्हा अडथळा गुपचूप लोकांच्या फुप्फुसात हलवला. शिशाचीच गोष्ट, फक्त या वेळी ती शंभर वर्षं चालली नाही. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाडी रस्त्यावर नेऊन मोजली, तिथून ती उघडी पडली.

तर मग विद्यार्थ्याचा मूळ प्रश्न. पुढच्या सेदानमध्ये शक्ती वाढवणार कशी? दिशा आजच दिसतात. एक, विजेची मोटर जोडीला घेणं. टर्बोला जागं व्हायला जो क्षणभर लागतो, तो ती भरून काढते. मर्सिडीजनं २०२२च्या सी ६३मध्ये आठ सिलिंडर काढून दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन बसवलं. त्याची शक्ती ४७६, विजेची मोटर धरून एकूण ६८०. दोन, उष्णता वाया न घालवणं. टोयोटाच्या कॅम्रीत हायब्रिडसाठीचं इंजिन इंधनातल्या ऊर्जेपैकी ४१ टक्क्यांपर्यंत कामाला लावतं. उरलेली अजूनही धुरात आणि रेडिएटरमध्येच जाते! तीन, वजन. पद्मिनी नऊशे किलोच्या आसपास, व्हर्टस बाराशेच्या आसपास. म्हणजे शक्ती तिप्पट झाली तरी किलोमागे हिशोब केला तर ती दुपटीच्या थोडी वरच आहे. बाकीची आपण स्वतःचंच वजन ओढण्यात खर्च करतो. त्यातलं काही वजन सुरक्षेचं आहे, ते हवंच. सगळंच तसं नाही.

आणि चार, इंधन. इथे इतिहास गोल फिरून आपल्या दारात आला आहे. १९२१ साली पेटंट मिळत नाही म्हणून बाजूला पडलेलं इथेनॉल आज आपल्या पंपावर पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळलेलं मिळतं. ते नॉकिंगला चांगलं तोंड देतं, म्हणून त्याच्यासाठी मुद्दाम घडवलेलं इंजिन अधिक दाब देऊन अधिक शक्ती काढू शकेल. जुन्या इंजिनात मात्र तो फायदा मिळत नाही, उलट लिटरमागची ऊर्जा कमी असल्यानं ॲव्हरेज थोडं घटतं. शिशापेक्षा हे हजारपट बरं, यात शंका नाही. पण आमचा प्रश्न इथेही तोच. ते इथेनॉल उसाचं असेल, तर त्या उसाला पाणी कुठलं? महाराष्ट्रात हा प्रश्न विचारायला तत्त्वज्ञान शिकावं लागत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारं कुठलंही गाव तो विचारू शकतं.

इथेनॉल नको, किंवा शक्ती नको, असं आमचं म्हणणं मुळीच नाही. घाटात बॉनेट उघडून, इंजिन थंड व्हायची वाट बघत उभी असलेली कुटुंबं आम्ही पाहिलेली आहेत. त्यात आम्हीही होतो. चढावर मालट्रकच्या पुढे झटकन निघता येणं ही चैन नाही, कधी कधी तो जीव वाचवणारा गुण असतो. साबच्या लोकांना ते कळलं होतं. आमचं म्हणणं एवढंच की शक्ती वाढली असं कुणी सांगितलं, की दोन प्रश्न विचारावेत. कुठला अडथळा काढला? आणि काढून ठेवला कुठे?

आमच्या विद्यार्थ्यानं हे गिऱ्हाइकाला सांगावं का? गाडी विकायची असेल तर कदाचित नाही. पण गाडी घडवणाऱ्या मंडळींपैकी कुणी आज इथे बसलं असेल, तर त्यांनी पुढचं इंजिन कागदावर काढताना हे दोन प्रश्न कोपऱ्यात लिहून ठेवावेत. मिजलींच्या कागदावर त्यातला पहिलाच होता.